पहिला, पहिला, पुन्हा पहिला

अ(:, [१ १ १]). मॅटलॅब या संगणकभाषेतली ही मोजून दहा चिन्हांची ओळ आपण जरा सावकाश वाचू. 'अ' हा उभा व्हेक्टर आहे. त्यात ४, ७, ९ एकाखाली एक उभे आहेत. कंसातला अपूर्णविराम म्हणतो, 'सगळ्या ओळी घे', आणि स्वल्पविरामानंतरचे तीन एक म्हणतात, 'पहिला स्तंभ, पहिला स्तंभ, पुन्हा पहिला स्तंभ'. तेवढ्यात तीन बाय तीनचा भरलेला चौकोन समोर उभा राहतो! स्तंभाचा क्रमांक निवड करण्यासाठी असतो, हे आपण जाणतोच. पण एकदा निवडलेलं पुन्हा मागू नये, असा नियम कुणी केलेलाच नाही, ही मोकळीक ज्याला पहिल्यांदा दिसली त्याच्या नजरेचं मला फार अप्रूप वाटतं. जुनी मंडळी या युक्तीला 'टोनीज ट्रिक' म्हणतात.

'अ'ला एकांच्या आडव्या ओळीने गुणलं तरी हाच चौकोन मिळतो. पण आकड्यांच्या जागी अक्षरं ठेवून पाहा: गुणाकारातून रोमन लिपीतलं लहान 'ए' आपला संकेतांक ९७ होऊन बाहेर पडतं, तर आपल्या ओळीतून ते अक्षर म्हणूनच येतं, कारण इथे गणित झालेलंच नसतं, झालेलं असतं ते केवळ बोलावणं.

आता त्याच चौकोनाची एक सरळ रांग करू. मॅटलॅबचा पहिला अवतार क्लीव्ह मोलर यांनी फोरट्रानमध्ये लिहिला आणि फोरट्रानची स्तंभामागून स्तंभ वाचण्याची रीत त्यात कायम राहिली. म्हणून रांग येते ४ ७ ९, ४ ७ ९, ४ ७ ९. चौकोन आडवा-उभा पालटून पुन्हा वाचला की ४ ४ ४, ७ ७ ७, ९ ९ ९. गाणं शिकलेल्याच्या कानाला हे लगेच ओळखू येईल: एकदा 'सारेग सारेग सारेग', एकदा 'सासासा रेरेरे गगग'. स्वर तेच, आवर्तनंही तितकीच, आणि तरी दोन्ही अलंकारांची चाल किती निराळी! नमपाय या दुसऱ्या गणिती संगणक-साधनाने तर या दोन चालींना दोन नावंच दिली आहेत, टाइल आणि रिपीट.

नमपायमध्येच या पुनरावृत्तीचं सर्वांत तरल रूप भेटतं. तिथे 'ब्रॉडकास्ट टू' म्हटलं की आकड्यांची नक्कल होतच नाही. मूळ तीन आकडे स्मृतीत एकदाच राहतात, आणि सोबत फक्त दोन पावलांची नोंद असते: (०, ८). आठ बाइटांचा आकडा असेल तर शेजारच्या आकड्यासाठी आठ बाइट पुढे जायचं. खालच्या ओळीसाठी मात्र शून्य. ओळी तीन असोत की दहा लाख, प्रत्येक ओळ संपली की वाचणारा त्याच ४ पाशी येऊन उभा राहतो.