हायलँड्समधील घर : स्कॉटिश चित्रकलेतील एका आकर्षणाची चिकित्सा

एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश चित्रकलेत हायलँड्समधील ग्रामीण घराला जे स्थान लाभले ते काहीसे विलक्षण म्हणावे लागेल. ओबडधोबड दगडी भिंतींची, गवताने शाकारलेली, डोंगराच्या पायथ्याशी अंग चोरून बसलेली ही वास्तू इतक्या चित्रांतून आली आहे, की परदेशस्थ रसिकास ती त्या देशाची खूणच वाटू लागली. या आकर्षणाची मीमांसा सामान्यतः दोन शब्दांत केली जाते : साधेपणा आणि पुरातनता. साधेपणाविषयी वाद घालण्याचे कारण नाही. पुरातनतेची गोष्ट मात्र वेगळी आहे. चित्रकारांनी जिला अनादि मानले त्या वास्तूचा, तिच्या भोवतालच्या शेताचा आणि तीत चालणाऱ्या जीवनक्रमाचा बराचसा भाग त्यांच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या हयातीतच घडलेला होता, आणि तो राहणाऱ्यांच्या इच्छेने घडलेला नव्हता. नव्या विस्थापनालाच जुनी परंपरा समजण्याची ही चूक चित्रांच्या सौंदर्याशी कशी निगडित झाली, हे पाहण्यासारखे आहे.

या बाबतीत भाषेची साक्ष प्रथम काढणे सोयीचे होईल. हायलँड्समधील लहान शेतकऱ्याच्या घराला आज सर्रास 'क्रॉफ्ट' म्हटले जाते. हा शब्द गेलिक नव्हे. तो जर्मानिक कुळातला असून त्याचा मूळ अर्थ कुंपण घातलेला जमिनीचा तुकडा असा आहे. म्हणजे घर हा त्याचा अर्थच नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी हायलँड्समधील जमीनदारांनी सामाईक वहिवाटीच्या जुन्या वाड्या मोडल्या, खोऱ्यांतील चांगली जमीन मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांना दिली आणि माणसांना किनाऱ्यावरच्या नापीक पट्ट्यांत आखून दिलेल्या तुकड्यांवर नेऊन बसविले. जुन्या वाडीसाठी गेलिकमध्ये 'बाले' हा शब्द होता. त्यात घरे, शेते, गायरान आणि माणसे ही सर्वच येत. 'क्रॉफ्ट'मध्ये फक्त तुकडा आला. चित्रसंग्रहांच्या सूचींतून हा शब्द जेव्हा गवती छपराच्या चिमुकल्या घराचा वाचक होऊन येतो, तेव्हा जमीन गळून पडते व केवळ देखावा उरतो.

'काळे घर' या संज्ञेचेही असेच. जाड दुहेरी भिंती, मध्ये मातीचा भराव, धुराडे नाही, मधोमध पीटचा विस्तव आणि एकाच छपराखाली माणसे व गुरे, अशा घराला गेलिकमध्ये 'ताय-दू' म्हणतात. हे नाव प्राचीन असावे असा सर्वसाधारण समज आहे. परंतु लुईस बेटावर चुन्यात बांधलेली नवी 'पांढरी घरे' येऊ लागल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, जुन्या पद्धतीच्या घरांना भेददर्शक म्हणून हे नाव पडले असे दिसते. 'काळा' या अर्थाच्या आणि 'गवती छप्पर' या अर्थाच्या गेलिक शब्दांत ध्वनिसाम्य असल्याने या नावात दोहोंची सरमिसळ झाली असावी, असेही सुचविण्यात आले आहे. तसे असेल तर ज्या काळेपणावर प्रवासवर्णनकारांनी इतकी शाई खर्च केली, त्याच्या मुळाशी शाकारणीचे गवतच असण्याचा संभव आहे!

या घराची खरी महती त्याच्या वयात नसून त्याच्या नित्य नूतनीकरणात होती. लुईसमध्ये धुराने माखलेले छप्पर ठरावीक काळाने उतरवून शेतात खत म्हणून पसरीत आणि नवे शाकारीत. घर हे अशा रीतीने शेतीच्या चक्राचाच एक दुवा होते : शेताने छप्पर द्यावे, विस्तवाने त्याला काजळी द्यावी आणि काजळलेले छप्पर पुन्हा शेतात जावे. झाडे नसलेल्या मुलखात छपराचे वासे हीच कुटुंबाची मोठी मत्ता असे. म्हणूनच सदरलँड परगण्यातील स्ट्रॅथनेव्हर येथे १८१४ व १८१९ साली झालेल्या निष्कासनांत वासे जाळण्यात आले, तेव्हा परत येण्याची वाटच बंद झाली. चित्रकलेला या चक्राचे आकर्षण वाटले नाही. तिला हवे होते न हलणारे छप्पर.

वास्तविक, घरात घडणाऱ्या अन्यायाकडे सरळ पाहण्याची ताकद स्कॉटिश चित्रकलेत आरंभीच दिसून आली होती. डेव्हिड विल्की (१७८५–१८४१) हा फाइफचा, म्हणजे सखल प्रदेशातला. त्याच्या १८१५ सालच्या 'खंडासाठी जप्ती' या चित्रात बेलिफ आणि त्याचा कारकून भरल्या घरात शिरून चीजवस्तूंची यादी करीत आहेत, कर्ता पुरुष कपाळाला हात लावून बसला आहे आणि शेजारीपाजारी चवताळले आहेत. हे घर हायलँड्समधले नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि घराची अडचण आर्थिक आहे आणि तिला करणारा कोणी आहे, ही गोष्ट त्यात लपविलेली नाही. १८१७ साली विल्कीने हायलँड्सचा प्रवास केला. त्यातून जे आले ते चोरट्या दारूभट्टीचे रंगतदार अंतर्दृश्य. जप्तीचा कारकून मात्र डोंगरात त्याच्याबरोबर गेला नाही.

विल्कीनंतरच्या पिढीवर ज्याची गडद छाया पडली तो एडविन लँडसीअर स्कॉटिश नव्हता, लंडनचा होता. पण त्याला वगळून हा विषय मांडता येत नाही. १८२४ साली तो प्रथम हायलँड्समध्ये आला. १८३४ च्या सुमाराच्या त्याच्या 'हायलँड न्याहारी' या चित्रात आई मुलाला पाजीत आहे आणि जवळच कुत्री आपल्या पिलांना. रचना निर्दोष आहे, वात्सल्य खरे आहे. आणि तरीही या दोन मातांना एका ओळीत बसविताना चित्रकाराचा हात जराही अडखळला नाही, ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. १८३७ च्या 'वृद्ध मेंढपाळाचा प्रमुख शोककर्ता' या चित्रात ओक्याबोक्या खोलीत शवपेटी आहे व तिच्यावर कुत्र्याने मान टेकली आहे. रस्किनने त्याची मुक्तकंठाने स्तुती केली, आणि शोकाची ती अबोल मांडणी आजही मनाला भिडते. पण या घरातला मृत पुरुष मेंढपाळ आहे, आणि मेंढपाळ हाच तर त्या मुलखातला नवा रहिवासी होता! सदरलँडसारख्या भागात मेंढ्यांबरोबर त्यांचे राखणदारही दक्षिणेकडून आणलेले होते. प्रेक्षक ज्याला जुन्या डोंगरी जीवनाचा अखेरचा प्रतिनिधी समजून हळहळतो, तो त्या जीवनाच्या जागी आलेला माणूस असण्याचाच संभव अधिक. राणी व्हिक्टोरियाने १८४८ मध्ये बाल्मोरल भाड्याने आणि १८५२ मध्ये कायमचे घेतल्यावर या दृष्टीला राजमान्यताही मिळाली.

होरेशिओ मॅककुलकच्या (१८०५–१८६७) निसर्गचित्रांत घर बहुधा लहान होत जाते किंवा नाहीसेच होते. त्याच्या १८६४ सालच्या 'ग्लेनको' या भव्य चित्रात ढग आहेत, कडे आहेत, हरणे आहेत, माणूस नाही. १३ फेब्रुवारी १६९२ रोजी याच खोऱ्यात पाहुणे म्हणून राहिलेल्या सैनिकांनी यजमानांची कत्तल केली, ती स्मृती प्रेक्षकाच्या मनात जागी असणार, असे समर्थन होऊ शकेल. परंतु १८६४ मध्ये ओसाड खोरे व त्यातील हरणे यांचा अर्थ केवळ ऐतिहासिक नव्हता. मेंढ्यांमागून शिकारीची राखीव राने वाढत चालली होती.

थॉमस फेड (१८२६–१९००) याने १८६५ साली 'कुळातला शेवटचा' हे चित्र प्रदर्शित केले. धक्क्यावर तट्टावर बसलेला एक म्हातारा, भोवती स्त्रिया व मुले. त्यांची तोंडे प्रेक्षकाकडे. चित्राबरोबर दिलेल्या मजकुरावरून कळते की प्रेक्षक सुटलेल्या जहाजावर उभा आहे आणि मागे राहिलेल्यांकडे पाहत आहे. ही कल्पना खरोखर असामान्य आहे, कारण तिने प्रेक्षकालाच निर्वासित केले. मात्र जहाज कोणी भरविले हे चित्र विचारीत नाही. या शीर्षकाचे मराठी भाषांतर करताना एक गंमत अनुभवास येते. मराठीत 'कुळ' म्हणजे वंश आणि 'कूळ' म्हणजे जमीन कसणारा खंडकरी. हायलँड्सच्या इतिहासाचे सारे दुःख या दोन अर्थांच्या मधल्या फटीत आहे : वंशाचा नायक जमीनदार झाला आणि वंशातला माणूस खंडकरी ठरला. इंग्रजी शीर्षकात पहिलाच अर्थ आहे. फेडच्या चित्रातही तोच.

जॉन वॉटसन निकोलचे 'लोखाबर नो मोअर' १८८३ सालचे. जहाजाच्या डेकवर उभा पुरुष किनाऱ्याकडे पाहतो आहे, बायको मान खाली घालून बसली आहे. चित्राचे वर्ष महत्त्वाचे आहे. १८८२ मध्ये स्काय बेटावरील ब्रेज येथे गायरानाच्या हक्कावरून शेतकरी आणि ग्लासगोहून धाडलेले पोलीस यांची चकमक झाली. १८८३ मध्ये नेपियर आयोगाने गावोगाव फिरून साक्षी घेतल्या आणि १८८६ मध्ये क्रॉफ्टधारकांना कायद्याने वहिवाटीची हमी मिळाली. आयोगापुढे पुष्कळ साक्षीदार गेलिकमध्ये, दुभाष्याच्या मदतीने, बोलले : छप्पर, खंड, पीट, समुद्रशेवाळ, वडिलोपार्जित हक्क. ज्या वर्षी घरातली माणसे इतके तपशीलवार बोलत होती, त्याच वर्षी निकोलच्या चित्रात ती मुकी झाली. चित्र मूक असते हे खरे. पण विल्कीचेही मूकच होते.

जेम्स गथ्रीचे 'हायलँडमधील अंत्ययात्रा' (१८८२) येथे अपवाद म्हणून नोंदविले पाहिजे. ब्रिग ओ' टर्क येथे एका मुलाचा मृत्यू झाला, त्या घटनेवरून ते काढले आहे. बर्फात, घराबाहेर, खुर्च्यांवर शवपेटी ठेवली आहे. भोवती पुरुष मान लववून उभे आहेत. घरातल्या खुर्च्या अंगणात आल्या आहेत, एवढ्या एकाच गोष्टीने घर दाखविले गेले. काळपट, संयमित रंग. कोणतेही कुत्रे रडत नाही. गथ्री ग्रीनॉकचा, तेव्हा तेविशीच्या आसपासचा, उपरा. पण तो उंबऱ्याच्या बाहेर उभा आहे हे त्याने लपविले नाही, आणि चित्राचा सच्चेपणा त्यातच आहे. पुढे पेप्लो व कॅडेल यांनी आयोना बेटावर जे काम केले त्यात घर हे प्रकाशाचा एक पांढरा चौकोन होऊन राहते. ती चित्रे सुंदर आहेत. प्रस्तुत प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही आणि त्यांनी तसा आवही आणलेला नाही.

राहिला विल्यम मॅकटॅगर्ट (१८३५–१९१०). तो किंटायरमधल्या गेलिक बोलणाऱ्या क्रॉफ्टधारकाच्या घरात जन्मला; या सर्वांत ज्याला असे घर आतून ठाऊक होते असा तोच. त्याने या घराचे स्मारक केले नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. १८९५ च्या 'निर्वासितांच्या जहाजाचे प्रस्थान' या चित्रात जहाज दूर क्षितिजाकडे गेले आहे आणि किनाऱ्यावरची माणसे खडकांच्या व वाळूच्या रंगात इतकी मिसळली आहेत, की ती दिसायला डोळ्यांना वेळ द्यावा लागतो. टीकाकारांनी याला संस्कारवादी तंत्राचा प्रभाव म्हटले आहे. त्या म्हणण्यात तथ्य असले तरी ते पुरेसे नाही. फेडच्या म्हाताऱ्याला ओळखण्यास क्षणही लागत नाही. त्याचा पोशाख, त्याची दाढी, त्याचे तट्टू सर्व काही सांगून टाकते. मॅकटॅगर्टच्या माणसांना पोशाख नाही, चेहरा जवळजवळ नाही. ती ज्या जमिनीवर उभी आहेत तिच्यापासून त्यांना वेगळे काढताच येत नाही.