प्रतिभावंताचा कारखाना

थोर माणसांवरचे माहितीपट मी गेली काही वर्षे वही-पेन्सिल घेऊन पाहतो आहे. त्यांत युरोपच्या प्रबोधनकाळावरचे पुष्कळ आहेत, आणि त्यांतही लिओनार्दो दा विंचीवरचे अधिक. देश आणि दिग्दर्शक बदलले तरी त्यांचा मूळ प्रश्न बहुधा एकच असतो : या माणसाच्या डोक्यात इतरांपेक्षा वेगळे काय होते? माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. त्याहून चांगला प्रश्न कोणता, हे आपल्याच दादासाहेब फाळके यांच्या उदाहरणावरून कळते.

या प्रश्नाचे मूळ कॅमेऱ्याच्या फार आधीचे आहे. १५५० साली जॉर्जो वासारी याने इटालियन कलावंतांची चरित्रे प्रसिद्ध केली. त्यात एक गोष्ट आहे. गुरू व्हेरोक्कियोच्या चित्रात शिकाऊ लिओनार्दोने एक देवदूत रंगवला. तो इतका सरस उतरला की गुरूने रंगाला हात लावणेच सोडले. विलक्षण मूल आणि थक्क झालेला गुरू ही जोडी तेव्हापासून चरित्रकारांना पुरून उरली आहे. पण त्या गोष्टीतच एक कार्यशाळा आहे. तिथे शिकाऊ मुले आहेत, गिऱ्हाइकाने सांगितलेले काम आहे आणि एकाच फळीवर चालणारे अनेक हात आहेत. आपण देवदूत तेवढा लक्षात ठेवतो.

केनेथ क्लार्क यांनी १९६९ मध्ये बीबीसीसाठी ‘सिव्हिलायझेशन’ ही तेरा भागांची मालिका केली. तिच्यातल्या प्रबोधनकाळावरच्या एका भागाचे नावच ‘कलावंत हाच नायक’ अशा अर्थाचे आहे. रेनातो कास्तेल्लानी यांच्या १९७१ च्या इटालियन मालिकेत आजच्या पोशाखातला निवेदक थेट जुन्या प्रसंगांत शिरतो आणि दंतकथा कुठे संपते, पुरावा कुठे सुरू होतो ते सांगतो. मला ही रीत अधिक प्रामाणिक वाटते. केन बर्न्स आणि सहकाऱ्यांचा २०२४ चा दोन भागांचा लिओनार्दो चित्रांशेजारी आजची दृश्ये ठेवतो. पाणी कसे वळते आणि पक्षी पंख कसा मुडपतो, हे वर्षानुवर्षे पाहत राहणे म्हणजे मेहनत आहे, हे त्यातून जाणवते. त्याचे हेच बलस्थान आहे. तरीही चार तासांनंतर मनावर ठसते ती त्या एका माणसाची अद्भुतता.

आता फाळके यांच्याकडे वळू. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईत अध्यापकाची नोकरी मिळाली, म्हणून मुलाला १८८५ साली जे. जे. कलाशाळेचे दार उघडे झाले. पुढे बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यात नोकरी, छपाईचा कारखाना आणि अधूनमधून जादूचे प्रयोग. लिओनार्दोचीही वाट अशीच होती. तो अनौरस होता, त्यामुळे वडिलांचा नोटरीचा पेशा त्याला बंद होता. पण व्हेरोक्कियोच्या कार्यशाळेत त्याला पोचवणारे वडीलच होते. प्रतिभेच्या दारापर्यंत कुणीतरी नेऊन सोडावे लागते, हे दोघांच्याही बाबतीत खरे आहे.

१९११ मध्ये फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि चित्रपटाने त्यांना झपाटले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी रोप कसे उगवते याची छोटी फिल्म केली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

इथवरचे पाठ्यपुस्तकात सापडते. पण फिल्मच्या कडांना भोके पाडणे, ती धुणे आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक ही कामे सरस्वतीबाई फाळके करीत. त्यांचे दागिनेही या धंद्यात गेले. तारामती झाले ते हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला स्त्री मिळेना. कॅमेरा चालवला तो फाळके यांनीच तयार केलेल्या त्र्यंबक तेलंग यांनी. नाटक-सिनेमाचे नाव काढले की लोक नाके मुरडत, म्हणून ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत’ असे सांगा, अशी सूचना मंडळींना होती, असे सांगतात. परेश मोकाशी यांनी २००९ च्या कथापटाचे शीर्षक त्यावरूनच घेतले. मला त्या एका शब्दात प्रतिभेची अधिक खरी व्याख्या दिसते.

स्वतः फाळके यांनाही हे ठाऊक असावे. १९१७ च्या सुमारास त्यांनी ‘हाउ फिल्म्स आर मेड’ हा लघुपट केला. त्याचा जो भाग टिकला आहे, त्यात ते नटांना सूचना देताना आणि फिल्म तपासताना दिसतात. आपल्या मेंदूचे रहस्य त्यांनी मांडले नाही, काम कसे चालते ते दाखवले. याच्या दुसऱ्या टोकाला कमल स्वरूप यांचा ‘रंगभूमी’ (२०१३) आहे. चित्रपटाला विटून काशीला गेलेले आणि तिथे नाटक लिहिणारे फाळके हा त्याचा विषय. कारखाना हातचा गेल्यावर तोच मेंदू किती एकाकी होतो, हे त्यातून उमगते.

यावर आक्षेप येईल : जे. जे. मध्ये पुष्कळ जण शिकले, मग ते सगळे फाळके का झाले नाहीत? आक्षेप रास्त आहे. फरक होताच. पण तो मला एका धंद्यातले कसब दुसऱ्यात नेण्यात दिसतो. छपाईवाल्याची रसायनांची जाण, जादूगाराची हातचलाखी, चित्रकाराची नजर हे सारे फाळके यांनी पडद्यावर आणले. त्यासाठी धंदा बुडाल्यावर पुन्हा उभे राहण्याची सोय लागते आणि ती सर्वांना सारखी मिळत नाही. मागे राहिलेले जपणाराही लागतो. लिओनार्दोच्या वह्या त्याचा शिष्य मेल्झी याने सांभाळल्या. फाळके यांची रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी मिळवली. हे दोघे नसते तर आज आपण कोणत्या मेंदूबद्दल बोलत असतो?

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात बसून हे लिहिण्यामागे माझा स्वार्थ आहे. ‘थोर मेंदू वेगळेच असतात’ हे वाक्य धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतल्या मुलाच्या कानी पडते, तेव्हा त्याचा अर्थ ‘तू त्यांतला नाहीस’ असा होतो. त्याच अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी पेटते. अंग रंगवून, कमरेला घुंगरू बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून माणसे रात्रभर नाचतात. त्या टोपाची बांधणी, बांबूची निवड, ढोलाचा ताल या प्रत्येक गोष्टीमागे पिढ्यांची कार्यशाळा आहे. चित्रीकरण होते ते रंगांचे. हात कुणाचे आणि ते कुणाकडून शिकले, हे क्वचितच विचारले जाते.

म्हणून पुढचा माहितीपट पाहताना वाचकांनी तीन प्रश्न जवळ ठेवावेत. याला दारापर्यंत कुणी नेले? याच्याबरोबर कोण राबले? याचे काम कुणी जपले? जो माहितीपट या तिन्हींची उत्तरे देईल, तो थोर माणसाला लहान करणार नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलाला मात्र कारखान्यात आपलीही जागा असू शकते, एवढे त्यातून कळेल.