नवे कवितासंग्रह, नव्या पुस्तिका आणि परीक्षणाची कसोटी

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील नवे कवितासंग्रह आणि वैचारिक पुस्तिका पुष्कळदा स्वखर्चाने निघतात व १४ एप्रिल, ६ डिसेंबर या दिवशी ग्रंथविक्रीच्या टेबलांवरून वाचकांच्या हाती पडतात. परीक्षक मात्र 'विद्रोही', 'धगधगते' ही ठरावीक विशेषणे दोहोंना सारखीच वाटून मोकळे होतात. हा गौरव नव्हे. ही उपेक्षाच होय. कविता आणि पुस्तिका यांचे कार्य भिन्न आहे. त्यांच्या कसोट्याही भिन्नच असल्या पाहिजेत.

कवितेची कसोटी स्वानुभवाची. १९७२ साली नामदेव ढसाळ यांनी आपल्या संग्रहाला 'गोलपिठा' हे मुंबईतील एका वस्तीचे नाव दिले. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातील अनेक शब्द अपरिचित होते. त्याच शब्दांनी मराठी कवितेची सीमा रुंदावली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत प्राणघातक स्फोट झाले. अशा भूमीतला कवी गावकूस आणि सूर्य या वारशाने मिळालेल्या प्रतिमांवरच थांबला, तर तो पूर्वसूरींचा आदर न ठरता त्यांचे अनुकरण ठरेल.

पुस्तिकेची कसोटी युक्तिवादाची. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली आपले नियोजित भाषण स्वतःच छापले. १५०० प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. पुढील वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींचे आक्षेप समाविष्ट करून त्यांना सविस्तर उत्तर दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडून मग ते खोडणे, हा पुस्तिकालेखनाचा आदर्श होय. निव्वळ घोषणांची पाने या कसोटीला उतरत नाहीत.

परंपरेने चालत आले अथवा आपला गुरू सांगतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तेव्हा कवी आपल्या चळवळीतला आहे, एवढ्यावरून त्याची स्तुती करणे बौद्ध समीक्षकाला शोभत नाही. कठोर परंतु मैत्रीपूर्ण परीक्षण हेच नवलेखकाचे खरे पाथेय आहे.

आणखी एक कर्तव्य उरते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचे आहे. प्रत्येक संग्रहाची व पुस्तिकेची एक प्रत अशा ग्रंथालयांत पोहोचविण्याचे काम लेखक-प्रकाशकांनी करावे. परीक्षकांनी प्रकाशनवर्ष व पृष्ठसंख्या न चुकता नोंदवावी. जे नोंदले जात नाही, ते उद्याच्या वाङ्मयेतिहासाला सापडत नाही.