संमिश्र की मिश्रण? बहुवारिक-अकार्बनी अब्जांश कणांविषयीच्या मराठी लेखनाची चिकित्सा

सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले व १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पॉलिमरला बहुवारिक, मोनोमरला एकवारिक, कोलॉइडला कलिल, इमल्शनला पायस ही परिभाषा त्या परंपरेत रुळली. (पायस म्हटल्यावर विद्यार्थ्याला प्रथम खीर आठवते, हा भाग वेगळा.) सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या वर्गात मात्र ‘पॉलिमर’ आणि ‘असेंद्रिय’ हेच शब्द चालतात. हा भेद फारसा घातक नाही. घातक आहे ती ‘संमिश्र’ आणि ‘मिश्रण’ या दोन शब्दांची सरमिसळ.

‘हायब्रीड’ हा शब्द या भागातील शेतकऱ्यास ज्वारीमुळे परिचित आहे. दोन वाणांचे दाणे एका पोत्यात भरल्याने संकरित ज्वारी होत नाही. संकर प्रत्येक दाण्यात असावा लागतो. संकरित अब्जांश कणाची कसोटीही हीच होय. बहुवारिक आणि सिलिका हे दोन्ही एकाच कणात असले पाहिजेत.

हे घडवून आणणे सोपे नाही. स्टोबर, फिंक व बोन यांनी १९६८ मध्ये अल्कोहोल, पाणी व अमोनिया यांच्या साहाय्याने टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेटपासून एकसारख्या आकाराचे सिलिका गोल तयार केले. त्यांच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट जलस्नेही, तर स्टायरिन जलद्वेषी. त्यामुळे दोहोंना जोडणारा मध्यस्थ लागतो. सिलेन रेणूचे एक टोक सिलिकाला जखडते, दुसऱ्या टोकाचा द्विबंध बहुवारिकीकरणात भाग घेतो. मिनी-इमल्शन पद्धतीत असे कण एकवारिकात विखरून श्राव्यातीत ध्वनिलहरींनी ५० ते ५०० नॅनोमीटरचे थेंब करतात. हेक्झाडेकेनसारखा जलद्वेषी पदार्थ लहान थेंब मोठ्यांत विरून जाऊ देत नाही. प्रत्येक थेंबाचा कण व्हावा, अशी यातील अपेक्षा असते.

अपेक्षा म्हणजे पुरावा नव्हे, आणि मराठीतील बहुतेक परिचयपर लेखन येथेच घाई करते. अवरक्त वर्णपटात सुमारे ११०० सेंमी⁻¹ जवळ सिलिकाचा पट्टा दिसला की ‘संमिश्र तयार झाले’ असे विधान येते. साध्या मिश्रणातही तो पट्टा दिसतोच. औष्णिक भारमापनात बहुवारिक जळून जाते व सिलिका उरते. त्यावरून संपूर्ण नमुन्यातील सरासरी कळते, एका कणातील घडण नव्हे. क्ष-किरण विवर्तनातून शेरर समीकरणाने मिळणारा आकार स्फटिकिकेचा असतो, त्यास सर्रास ‘कणाचा आकार’ म्हटले जाते. अस्फटिकी सिलिकाच्या बाबतीत तर त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बहुतेक महाविद्यालयांत नसतो, ही अडचण खरी आहे. तथापि अपकेंद्रण यंत्र व मफल भट्टी यांवरही बरेच भागते. सौम्य अपकेंद्रणात २० नॅनोमीटरचा सुटा सिलिका कण वरच्या द्रवात राहतो, २०० नॅनोमीटरचा संमिश्र कण तळाशी बसतो. तळाचा भाग पुनःपुन्हा धुऊन, प्रत्येक वेळी थोडा नमुना जाळून राख तोलावी. राखेचे प्रमाण घटतच गेले तर सिलिका सुटी होती. ते एका आकड्यावर स्थिरावले तरच ‘संमिश्र’ हा शब्द लिहिण्यास आधार मिळतो. धुण्यापूर्वीची व नंतरची राख हे दोन आकडे प्रबंधात असावेत, अशी मागणी परीक्षकांनी करण्यास कोणत्याही उपकरणाची वाट पाहावी लागत नाही.