सेप्टिमस स्मिथची ‘केस’ : ‘मिसेस डॅलोवे’तील आत्महत्येचा पुनर्विचार

व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) या कादंबरीवर झालेल्या विपुल समीक्षेत सेप्टिमस वॉरेन स्मिथ या पात्राकडे पाहण्याची एक ठरीव पद्धत रूढ झालेली आहे. युद्धावरून परतलेला, मन विकल झालेला आणि अखेर आत्महत्या करणारा हा तरुण म्हणजे नायिका क्लॅरिसा डॅलोवे हिचे प्रतिरूप होय, अशी ती पद्धत. तिला आधारही खुद्द लेखिकेचाच आहे. १९२८ सालच्या अमेरिकन आवृत्तीच्या प्रस्तावनेत वुल्फ यांनी असे सांगितले आहे की, पहिल्या आराखड्यात सेप्टिमस नव्हताच. क्लॅरिसाच आत्महत्या करणार होती, किंवा मेजवानीच्या अखेरीस नुसती मरणार होती. असा पुरावा हाती असता समीक्षकांनी त्याचा पुरेपूर उपयोग करावा यात नवल नाही. परंतु त्यामुळे एक विपरीत गोष्ट घडली आहे. सेप्टिमसचा मृत्यू हा सेप्टिमसचा उरलेला नाही. तो क्लॅरिसाच्या आत्मशोधातील एक टप्पा, एक प्रतीक, एक प्रकारचा बळी होऊन बसला आहे. मनुष्य मेला कशाने, हा साधा प्रश्न प्रतीकापुढे विचारण्याचे कारण पडत नाही.

कादंबरीने मात्र तो प्रश्न विचारला आहे आणि त्याचे उत्तर विलक्षण तपशिलाने दिले आहे. १९२३ सालच्या जून महिन्यातील एका दिवसाची ही कथा. त्या दिवशी दुपारी बारा वाजल्यापासून संध्याकाळी सहाच्या सुमारापर्यंत सेप्टिमसच्या वाट्याला जे उपचार आले, ते कालक्रमाने मांडले तर त्याचा मृत्यू केवळ युद्धामुळे घडला असे म्हणता येत नाही. युद्धाने त्याला आजारी केले; पुढचे काम शांततेच्या काळाने केले.

सेप्टिमस हा स्ट्राउडहून लंडनला आलेला, शेक्सपिअरच्या व्याख्यानांनी भारावलेला कारकून. युद्ध पुकारले जाताच सैन्यात नाव नोंदविणाऱ्या पहिल्या स्वयंसेवकांत तो होता. युद्धात त्याने चांगली कामगिरी केली, त्याला बढती मिळाली. त्याचा अधिकारी आणि जिवलग स्नेही इव्हान्स हा तहापूर्वी थोडेच दिवस इटलीत मारला गेला. त्या वेळी आपल्याला फारसे दुःख होत नाही, याबद्दल सेप्टिमसने स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुढे मिलानमध्ये टोप्या बनविणाऱ्या घरातील लुक्रेझिया हिच्याशी त्याने विवाह केला, तोही आपल्याला काहीच वाटेनासे झाले आहे या भयाच्या भरात. त्याच्या आजाराचे मूळ येथे आहे. त्याला वाटते की आपण एक अपराध केला आहे. तो अपराध म्हणजे न केलेला शोक. हे वाचकाला कळते. कादंबरीतील एकाही पात्राला ते कळत नाही.

डॉ. होम्स यांच्यासंबंधी फार लिहिण्याचे कारण नाही. सहा आठवडे ते उपचार करीत आहेत आणि रुग्णाला काहीही झालेले नाही असे त्यांचे ठाम मत आहे. झोपताना ब्रोमाइड, एखादा छंद, संगीत-नाट्यगृहाची एखादी फेरी, वजन घटलेच तर ओटाची आणखी एक बशी लापशी, हे त्यांचे औषध. असे वैद्य सर्व काळांत असतात आणि त्यांचे व्यंगचित्र काढणे फारसे कठीण नसते.

सर विल्यम ब्रॅडशॉ यांची गोष्ट निराळी. समीक्षेत त्यांना होम्स यांचीच थोर आवृत्ती समजण्याची प्रथा आहे, आणि तीच मोठी चूक आहे. ब्रॅडशॉ यांचे निदान बरोबर आहे. रुग्ण खोलीत येताच, दोन-तीन मिनिटांत, हा अत्यंत गंभीर प्रकार आहे हे त्यांनी ओळखले. आधीच्या डॉक्टरची चूकही त्यांच्या ध्यानात आली. म्हणजे येथे अज्ञान नाही. तरीही त्या पाऊण तासाच्या भेटीत काय घडते ते पाहण्यासारखे आहे. युद्धातील कामगिरीविषयी सर विल्यम विचारतात, तेव्हा रुग्ण ‘युद्ध’ हा शब्दच प्रश्नार्थक स्वरात उच्चारतो. यावर पुढचा प्रश्न यावयास हवा होता. तसे होत नाही. रुग्ण शब्दांना सांकेतिक अर्थ चिकटवतो, अशी नोंद कार्डावर होते. आपल्या हातून अपराध घडला आहे असे सांगावयास सेप्टिमस सुरुवात करतो, तर त्याची पत्नी, अगदी प्रेमापोटी, त्याने काहीही वाईट केलेले नाही असे मध्येच सांगून टाकते. अखेरीस तो पुन्हा ‘मी’पाशी अडखळतो. सर विल्यम त्याला उत्तेजनही देतात; परंतु उशीर होत चालला आहे. मग ते अत्यंत सौम्यपणे त्याला स्वतःविषयी शक्य तितका कमी विचार करण्याचा सल्ला देतात. प्रथमपुरुषी एकवचनापाशी थांबलेल्या वाक्याला हे उत्तर! साऱ्या प्रसंगात कठोर शब्द एकही नाही, आणि त्यामुळेच तो अधिक भयंकर वाटतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. वुल्फ यांना स्वतःला मानसिक आजाराच्या काळात सर जॉर्ज सॅव्हेज आदी डॉक्टरांची विश्रांतिचिकित्सा सोसावी लागली. १९१३ साली त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता, आणि १९४१ साली त्यांचा शेवटही तसाच झाला. तेव्हा ब्रॅडशॉ हे चित्र वैयक्तिक सूडातून आले आहे, आणि त्या काळच्या वैद्यकाला याहून अधिक काही ठाऊकच नव्हते, असा हा युक्तिवाद. त्याचा पूर्वार्ध खरा मानला तरी उत्तरार्ध टिकत नाही. एडिंबरोनजीकच्या क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे सेप्टिमससारख्याच रुग्णांवर उपचार करीत होते. निलगिरीतील तोडा जमातीवरील १९०६ सालच्या ग्रंथामुळे आपल्याकडील मानवशास्त्राच्या अभ्यासकांस हे नाव परिचित आहे. युद्धाच्या आठवणी मनातून हद्दपार करण्याचा उपदेश रुग्णाला अपायकारक ठरतो, त्या आठवणींना सामोरे जाऊन त्यांतील सहन होण्याजोगी बाजू शोधावयास त्याला साह्य केले पाहिजे, हे त्यांनी १९१८ सालच्या फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात स्पष्टपणे मांडले होते. ज्ञान उपलब्ध होते. ते हार्ले स्ट्रीटवरील पाऊण तासात पोहोचले नव्हते, आणि क्रेगलॉकहार्ट तर केवळ अधिकाऱ्यांसाठी होते. अर्थात रिव्हर्स यांच्या खोलीलाही युद्धाचाच दरवाजा होता. बरे होणे म्हणजे पुन्हा आघाडीवर जाण्यास पात्र होणे, ही अट तेथेही सुटली नाही. रिबेका वेस्ट यांनी ‘द रिटर्न ऑफ द सोल्जर’ (१९१८) या लघुकादंबरीत हेच कोडे घातले आहे. परंतु तेथील सैनिक जमीनदार घराण्यातला आहे, आणि त्याच्यासाठी तीन स्त्रिया झुरत असतात.

‘शेल-शॉक’ या शब्दाचा इतिहासही येथे ध्यानात घेतला पाहिजे. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांच्या निबंधाने वैद्यकात रूढ झालेला हा शब्द, लॉर्ड साउथबरो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२२ साली टाकून देण्याची शिफारस केली. मानसिक कोसळणे ही युद्धातील जखम म्हणून नोंदली जाऊ नये, असेही तिने सुचविले. म्हणजे कादंबरीतील तो जूनचा दिवस उजाडतो तेव्हा सेप्टिमसच्या आजाराचे जुने नाव सरकारी कागदावरून उतरू लागले आहे. आघातानंतरच्या मनोविकृतीला अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यानंतर.

याहूनही महत्त्वाचा मुद्दा कायद्याचा आहे. सेप्टिमसने आत्महत्येची भाषा केली होती. ती उच्चारताच तो रुग्ण राहिला नाही, कायद्याची बाब झाला. आता त्याला खेड्यातील त्या सुंदर विश्रामगृहात गेलेच पाहिजे, आणि पत्नीवाचून गेले पाहिजे. कारण आजारात आवडती माणसे जवळ असणे हितावह नसते, असे सर विल्यम यांचे मत. सेप्टिमस संतापतो तो या सक्तीवर. आपल्यावर सक्ती करण्याचा अधिकार या गृहस्थांना कोणी दिला, असे तो विचारतो. रेझियाचे उत्तर निरागस आहे: तू मरणाविषयी बोललास म्हणून. आत्महत्येचा विचार बोलून दाखविणे हेच शिक्षेचे कारण ठरावे, अशी व्यवस्था असेल तर माणसे काय करतील? ती बोलणार नाहीत. इंग्लंडमध्ये आत्महत्या हा १९६१ पर्यंत गुन्हा होता, आणि सार्वजनिक मनोरुग्णालयात वेडेपणाच्या दाखल्याशिवाय, स्वेच्छेने उपचार घेण्याची सोय १९३० च्या कायद्याने झाली. त्याच इंग्रजी परंपरेतून आलेले भारतीय दंडसंहितेचे ३०९ वे कलम १८६० पासून चालत राहिले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार काढली, आणि २०२४ साली नवी संहिता अमलात आली तेव्हा ते त्या स्वरूपात उरले नाही. कायदे बदलले, पण बढती हुकेल, नोकरी जाईल, सहकारी भित्रा म्हणतील या भयाने सैनिकाने तोंड मिटून घेणे हे आजही सर्व देशांच्या सैन्यांत उपचारातील मोठे विघ्न मानले जाते. ‘भित्रा’ हा शब्द कादंबरीतही येतो. सेप्टिमसच्या मृत्यूच्या क्षणी होम्स यांच्या तोंडून तोच निघतो. याच स्वरूपाच्या आरोपांवरून पहिल्या महायुद्धात गोळ्या घातलेल्या ३०६ ब्रिटिश व साम्राज्यातील सैनिकांना ब्रिटनने क्षमा केली ती २००६ साली.

मृत्यूपूर्वीचा तास हा या कादंबरीतील सर्वांत सुंदर भाग आहे, आणि प्रतीकवादी समीक्षेने तोच सर्वांत कमी वाचला आहे. घरमालकीण मिसेस फिल्मर हिच्या विवाहित मुलीसाठी रेझिया टोपी शिवीत बसली आहे. ती टोपी त्या बाईला फारच लहान होईल असे सेप्टिमस म्हणतो, आणि दोघे हसतात. मग तो स्वतः फिती व फुले जुळवून देतो. कित्येक दिवसांनी तो पूर्वीसारखा बोलतो आहे. त्याचे कागद ती जाळत नाही, रेशमी फितीत बांधून ठेवते. आपल्याला कोणी वेगळे करू शकणार नाही असे त्याला सांगते. हा उपचारच आहे. हातांना काम, विनोद, जवळचे माणूस आणि त्या माणसाचा शब्द. मृत्यू अटळ होता असे मानणाऱ्या वाचनाला या पानांचे काय करावे हे समजत नाही. सेप्टिमसला मरावयाचे नव्हते असे कादंबरी स्पष्ट सांगते. जीवन चांगले आहे, ऊन उबदार आहे, हे त्याला शेवटच्या क्षणी जाणवते. इतक्यात जिन्यावर होम्स यांची पावले वाजतात. रेझिया वाट अडविते. ते तिला बाजूला सारून वर येतात. जिच्याजवळ खरे साह्य होते तिला कोणी विचारले नाही, हे येथे शब्दशः दिसते. धोका ओळखल्यानंतर रुग्णाशी संपर्क तुटू न देणे आणि कुटुंबीयांना उपचारात सहभागी करून घेणे, या दोन गोष्टी आज आत्महत्या-प्रतिबंधाच्या प्राथमिक अंगांत गणल्या जातात. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी २००७ साली अहोरात्र दूरध्वनिसेवा सुरू झाली, इंग्लंडच्या आरोग्यसेवेत त्यांच्यासाठी २०२१ साली स्वतंत्र योजना आली. ब्रॅडशॉ यांनी मात्र पाच ते सहाच्या दरम्यान कळवितो असे सांगून दुपार मोकळी सोडली होती.

आता मेजवानी. ब्रॅडशॉ उशिरा येतात आणि रिचर्ड डॅलोवे यांच्याशी हलक्या आवाजात बोलू लागतात. विषय एका विधेयकाचा आहे. शेल-शॉकच्या उशिरा उद्भवणाऱ्या परिणामांसंबंधी त्यात काही तरतूद असावी, असे ते सुचवितात. दुपारी मेलेला मनुष्य रात्री उदाहरण झाला आहे. आणि तरतूद आवश्यक आहे हे तर खरेच! येथे वुल्फ यांचा उपरोध साध्या निषेधाहून खोल जातो. सुधारणेची योग्य सूचना ज्याच्या तोंडी आली, त्याच्याच हातून आज ती गरज निर्माण झाली होती.

क्लॅरिसाला ही वार्ता कळते. ती आतल्या खोलीत जाते, आणि त्या अनोळखी तरुणाने जे केले त्याचा तिला आनंद वाटतो. येथे कादंबरीचा तोल किंचित ढळतो असे म्हणणे भाग आहे. टोपीच्या प्रसंगात ज्या मृत्यूची टाळता येण्याजोगी कारणे इतक्या नेमकेपणाने दाखविली, त्यालाच एका श्रीमंत स्त्रीच्या मनात संदेशाचे, जवळजवळ आलिंगनाचे रूप दिले जाते. लेखिकेलाही येथे दुमत असावे, असे पाठभेदावरून वाटते. १९२५ च्या अमेरिकन आवृत्तीत या ठिकाणी एक जादा वाक्य आहे. त्या तरुणामुळे क्लॅरिसाला सौंदर्य आणि गंमत जाणवली, अशा आशयाचे ते आहे. त्याच वर्षीच्या ब्रिटिश आवृत्तीत ते नाही. कोणत्या पाठाच्या आधारे विवेचन करीत आहोत हे समीक्षकांनी सांगितले असते, तर प्रतिरूपाच्या उपपत्तीतील बराच उत्साह ओसरला असता. ॲलेक्स झ्वर्डलिंग यांनी १९७७ साली या कादंबरीतील सामाजिक टीकेकडे लक्ष वेधले, इलेन शोवॉल्टर यांनी १९८५ साली सैनिकांचा आजार आणि स्त्रियांवरील उपचार यांचा संबंध दाखविला. तरीही पदव्युत्तर वर्गांत आतली खोलीच अधिक शिकविली जाते, ब्रॅडशॉ यांची खोली कमी.

आणखी एक जण त्या संध्याकाळी या मृत्यूच्या जवळून जातो. हिंदुस्थानातून नुकताच परतलेला पीटर वॉल्श रस्त्यात रुग्णवाहिकेची घंटा ऐकतो, आणि पूर्वेकडून आलेल्या माणसाला जाणवावी अशी ही तत्परता, ही संस्कृतीची मोठी कमाई आहे असे त्याच्या मनात येते. गाडी खरोखरच वेळेवर आली होती. वरच्या खोलीत होम्स यांनी रेझियाला काहीतरी गोड पेय पाजले होते, आणि घड्याळात सहाचे ठोके पडत असता तिला झोप येऊ लागली होती.