प्रणयकादंबरीचा विस्तार आणि वाचनालयाची वर्गणी

प्रणयकादंबरीच्या शेवटाविषयी वाचकास पहिल्या पानापासून शंका नसते. नायक-नायिकेचे मीलन होणार हे गृहीत धरूनच तो पुस्तक हाती घेतो. ज्या कथेचा शेवट असा आधीच ठाऊक आहे, ती दोनशे पानांत संपावी की आठशे, हे ठरविणारे आंतरिक कारण वरवर पाहता दिसत नाही. रहस्यकथेला पुराव्यांची साखळी मर्यादा घालते, ऐतिहासिक कादंबरीला घटनाक्रम घालतो. प्रणयकथेत मीलनास लागणारा विलंब हेच कथानक असते, आणि विलंब कितीही ताणता येतो. मराठी समीक्षेने, विशेषतः ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथानंतर, हा ताण तंत्राचा विषय मानला. कथानक आटोपशीर असेल तर ते लेखकाचे कौशल्य आणि पसरट असेल तर त्याचा दोष, असा हिशेब रूढ झाला. इंग्रजी लोकप्रिय प्रणयकादंबरीचा इतिहास पाहता हा हिशेब अपुरा वाटतो. पुस्तक वाचकापर्यंत कोणत्या वाटेने पोचते आणि त्याचा मोबदला कोणत्या मापाने मोजला जातो, यावर तेथे विलंबाची लांबी फार मोठ्या प्रमाणात ठरत आली आहे.

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) ही कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध झाली. आज एका पुस्तकात वाचणाऱ्यास त्या खंडांच्या सीमा जाणवत नाहीत; पण त्या जागी नजर ठेवून वाचले असता रचनेचे मर्म ध्यानी येते. पहिला खंड शार्लट आणि कॉलिन्स यांच्या वाङ्‌निश्चयाच्या वार्तेने संपतो. दुसऱ्याच्या अखेरीस एलिझाबेथ पेंबर्लीच्या वाटेवर असते. डार्सीने घातलेली पहिली, फेटाळली गेलेली मागणी दुसऱ्या खंडाच्या मध्यावर, म्हणजे जवळजवळ संपूर्ण ग्रंथाच्या मध्यावर येते. खंड मिटताना वाचकाच्या मनात काही तरी अधांतरी राहावे, ही योजना उघड आहे. विस्तार येथे बाहेरून मिळालेला असला तरी लेखिकेने त्याला आकार दिला आहे.

पुढे हेच त्रिखंडी माप सक्तीचे झाले. स्कॉटच्या ‘केनिलवर्थ’ (१८२१) पासून त्रिखंडी कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग अशी स्थिरावली. १८४२ मध्ये चार्ल्स एडवर्ड म्यूडीने लंडनमध्ये सुरू केलेल्या वाचनालयाची वार्षिक वर्गणी होती एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. आणि या वर्गणीत एका वेळी एकच खंड घरी नेता येई. एका कादंबरीची किंमत वर्षभराच्या वर्गणीच्या दीडपट! सामान्य वाचक कादंबरी विकत घेणे शक्यच नव्हते. वाचनालयाच्या दृष्टीने तीन खंडांची एक कादंबरी एकाच वेळी तीन वर्गणीदारांत फिरे, आणि सबंध कादंबरी सलग वाचण्याची घाई असणाऱ्यास अधिक वर्गणी भरावी लागे. म्यूडी हा सर्वांत मोठा ग्राहक असल्यामुळे प्रकाशकांना हे माप मोडणे परवडत नव्हते. त्याची झळ लेखकाला कशी पोचे, हे जॉर्ज गिसिंगच्या ‘न्यू ग्रब स्ट्रीट’ (१८९१) मधील रिअर्डनच्या दुर्दशेवरून कळते. तिसरा खंड भरण्यासाठी झिजणाऱ्या लेखकाची ही कथा स्वतःही तीन खंडांतच प्रसिद्ध झाली, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

प्रणयकथेला तिसरा खंड कोठून मिळे? हरवलेले पत्र, अर्धवट ऐकलेले संभाषण, दीर्घ आजार, परदेशगमन, आणि मुख्य म्हणजे दुय्यम जोडपे. नायिकेची बहीण वा मैत्रीण हिचे प्रेमप्रकरण समांतर चालवले की शंभर पानांची सोय होई. ऱ्होडा ब्रॉटनच्या तडफदार, तोंडाळ नायिका पहिल्या खंडात जितक्या जिवंत वाटतात, तितक्या तिसऱ्यात राहत नाहीत. तेथे लेखिकेपेक्षा मापच अधिक बोलते. १८९४ च्या जूनमध्ये म्यूडी आणि स्मिथ या दोन्ही वाचनालयांनी प्रतिखंड चार शिलिंगांहून अधिक किंमत देणार नाही असे परिपत्रक काढले आणि त्रिखंडी कादंबरीचा पाया खचला. १८९७ साली अशा अवघ्या ४ कादंबऱ्या निघाल्या. सहा शिलिंगांच्या एकखंडी पुस्तकाने तिची जागा घेतली. ज्या रचनेला दोन पिढ्यांच्या समीक्षकांनी कादंबरीची प्रकृती मानले होते, ती तीन वर्षांत नाहीशी व्हावी, ही घटना साहित्यप्रकारांच्या ‘स्वभावा’विषयी बोलणाऱ्यांनी विसरू नये.

विसाव्या शतकात माप उलट दिशेने फिरले. १९०८ मध्ये स्थापन झालेली मिल्स अँड बून ही संस्था आरंभी सर्व प्रकारची पुस्तके काढीत असे. १९३० नंतरच्या दशकात तिने वाचनालयांसाठी प्रणयकादंबरीवर भर दिला. अनामत रक्कम न घेता दोन पेनींत पुस्तक देणारी दुकाने तेव्हा इंग्लंडच्या गल्लोगल्ली होती. म्यूडीचे उत्पन्न वर्गणीतून येई, या दुकानदाराचे दर वेळच्या देवघेवीतून. पुस्तक जितके लवकर परत येईल तितके त्याच्या फायद्याचे. पुढे वाचनालये ओसरली. स्मिथचे १९६१ मध्ये आणि बूट्‌सचे १९६६ मध्ये बंद झाले. कॅनडातील हार्लेक्विनने १९७१ मध्ये मिल्स अँड बून विकत घेतली, तोवर स्वस्त कागदी बांधणीचे पुस्तक हेच मुख्य रूप झाले होते. दरमहा ठरावीक संख्येची पुस्तके, सर्वांची किंमत एक, टपालाने जाणारे पुडके एका आकाराचे. १९२ पाने हे जे माप रूढ झाले त्यामागे सोळा पानांचे बारा फर्मे एवढेच गणित आहे. शब्दांत ते सुमारे पन्नास-पंचावन्न हजार भरते.

या मापाचा कथेवर झालेला परिणाम अभ्यासकांनी पुरेसा न्याहाळलेला नाही. या कादंबऱ्यांत सोयीसाठी केलेले लग्न, मालक आणि त्याची सचिव, बर्फात अडकलेले घर, अशा परिस्थिती वारंवार येतात. त्यांचा अर्थ स्त्रीच्या मनोविश्वात शोधण्याची प्रथा आहे, आणि तो काही अंशी तेथे असेलही. परंतु पन्नास हजार शब्दांत नायक-नायिकेला पुनःपुन्हा एकत्र आणण्यासाठी निमित्ते शोधणे परवडत नाही. त्यांना पहिल्याच प्रकरणात एका छपराखाली आणावे लागते. बेटी नील्स हिच्या कादंबऱ्यांतील इंग्लिश परिचारिका आणि डच डॉक्टर यांना रुग्णालयाचा कक्ष आयताच मिळतो. दुय्यम जोडपे गळाले, प्रवास गळाला, कुटुंब दोन वाक्यांत आटोपले. अडथळा बाहेरच्या जगातून उठून पात्रांच्या मनात गेला, कारण मनातल्या अडथळ्याला जागा कमी लागते. या प्रकारात जी मानसिक एकाग्रता आढळते, तिचे काही श्रेय फर्म्याला द्यावयास हवे.

यावर एक आक्षेप संभवतो. कॅथलीन वुडिविसची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ १९७२ मध्ये एव्हन या प्रकाशनाने थेट कागदी बांधणीत काढली. चारशेहून अधिक पानांची ही कादंबरी भरपूर खपली, तेव्हा वाचकाला लांबी हवीच असते, असे म्हणता येईल. आक्षेपात तथ्य आहे. पण हे पुस्तक मासिक मालिकेतले नव्हते. ते एकटे, आपल्या जाडीसह, दुकानात उभे होते. कथाही तशीच आहे. विवाह आरंभीच होतो, पात्रे लंडनहून समुद्रापार कॅरोलिनास जातात, आणि खरी जवळीक विवाहानंतर घडते. पाने वाढताच भूगोल परत आला. वाचकाची आवड खरी असते. मात्र ती कोणत्या रूपात पुरी होईल, हे विक्रीची रीत सांगते.

सांप्रतचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. अ‍ॅमेझॉनच्या किंडल अनलिमिटेड या वर्गणी-योजनेत २०१५ च्या जुलैपर्यंत पुस्तकाचा दहावा भाग वाचला गेला की लेखकास मोबदला मिळे, मग पुस्तक कितीही लहान असो. साहजिकच एका प्रणयकथेचे तुकडे करून ते वेगवेगळे देण्याकडे कल होता. त्या महिन्यापासून वाचलेल्या पानांवर मोबदला सुरू झाला आणि तुकडे पुन्हा जोडले जाऊ लागले. काहींनी तर नव्या कादंबरीच्या पाठीशी जुन्या कादंबऱ्या बांधून पाने वाढविली. म्यूडीच्या तिसऱ्या खंडाचेच हे पुनरागमन होय, फक्त येथे भरती उघडपणे पाठीमागे जोडलेली होती. ब्रॉटनच्या काळी ती निदान कथेच्या आत तरी लिहावी लागे.

मराठीतही २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या मंचांवर प्रणयकथा भागाभागांनी लिहिल्या जात आहेत. तेथे फर्मा नाही, खंड नाही, पुडके नाही. वाचक पुढचा भाग उघडतो की नाही, एवढेच माप आहे. प्रत्येक भाग अधांतरी संपतो आणि विवाह झाल्यावरही कथा थांबत नाही. सासर, गैरसमज, दुरावा असे टप्पे घेत ती पुढे जाते. त्यांस पाल्हाळ म्हणून बाजूला सारण्यापूर्वी अशा एखाद्या कथेतील अडथळ्यांची भागवार नोंद करून, कोणता अडथळा पात्रांतून उगवला आणि कोणता केवळ पुढच्या भागासाठी आणला, हे वेगळे काढून पाहणे शक्य आहे.