गणपतीचा दात कुणाचा?

मित्रहो, व्हिडिओ गेमवर व्याख्यान म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेलेल्या मला इथून दिसतायत. कादंबरीलाही एके काळी असंच हिणवलं जायचं. तो वाद बाजूला ठेवू आणि थेट कलाकृतीकडे येऊ.

'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' हा अमेरिकेतल्या नॉटी डॉग कंपनीने 2017 साली काढलेला, प्लेस्टेशनवर खेळायचा गेम. 2016 च्या 'अनचार्टेड 4' नंतरची ही कथा, पण जुना नायक नेथन ड्रेक इथे नाही. इथली नायिका क्लोई फ्रेझर. वडील भारतीय, धंदा पुरातन वस्तूंच्या चोरीचा. सोबत नदीन रॉस, दक्षिण आफ्रिकेची भाडोत्री सैनिक. दोघींना होयसळांच्या अवशेषांतून गणपतीचा दात हवा आहे. तोच असव नावाच्या बंडखोर म्होरक्यालाही हवा आहे. आणि हे सगळं घडतं पश्चिम घाटात! नातू खेळत होता, मी शेजारी बसून शेवटपर्यंत पाहिला. एकदोनदा कंट्रोलर माझ्याही हातात आला, त्याबद्दल न बोललेलं बरं.

आपण पनवेलकर घाटाच्या पायथ्याशी राहणारी माणसं. गेममधला चिखल, धबधबे, निसरड्या चढावर घरंगळणारी जीप हे पाहून आपल्याला ओळख पटते. चित्रण खरोखर देखणं आहे. माकडं आहेत, हत्ती आहे, त्या हत्तीला सोडवण्याचा प्रसंग तर फार हळुवार आहे. पण या घाटात माणूस नाही. असवचे सैनिक सोडले तर कुणीही नाही. आपल्या प्रबळच्या माचीवर जा, ठाकरांची घरं लागतात, भाताची खाचरं लागतात. इथे एखादी वाडी नाही की गुरामागे जाणारं पोर नाही. का नाही? कारण माणसं असती तर पहिला प्रश्न त्यांनी विचारला असता, की बाई, आमच्या देवळातून काय घेऊन चाललात?

शिल्पांचंही तेच. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर 1117 सालचं. होयसळांचा दगड मऊ, त्यामुळे त्यांचं कौशल्य बारकाव्यात. मूर्तीच्या गळ्यातला हार मणी मणी मोजून पाहावा असा. गेममध्ये डोंगराएवढ्या मूर्ती आहेत, त्यांच्या अंगाखांद्यावरून उड्या मारायच्या. ज्या कलेपुढे थांबून पाहायचं, तिला चढायची भिंत केलं आहे.

आता मुख्य मुद्दा. पुराणातली कथा तुम्हाला ठाऊक आहेच. परशुराम शंकराच्या भेटीला येतो, गणेश दारात अडवतो, परशुराम परशू फेकतो. तो परशू शंकरानेच दिलेला. वडिलांचं शस्त्र वाया जाऊ नये म्हणून गणेश घाव दातावर घेतो. म्हणजे हा दात मिळवलेला नाही, गमावलेला आहे, तोही जाणूनबुजून. क्लोई ही कथा नदीनला सांगते, आणि तिचे वडील याच दाताच्या शोधात गेले हे कळतं, तेव्हा त्या कथेला वजन येतं. लेखकांनी कथा नीट निवडली आहे, यात शंका नाही. असवला तो दात विकून बॉम्ब घ्यायचा असतो. क्लोई पळून जाऊ शकत असताना शहर वाचवायला परत फिरते. आणि शेवटी दात सांस्कृतिक मंत्रालयाकडे द्यायचं ठरतं. चोर बदलली. हे बदलणं घाईचं वाटत नाही, कारण नदीनबरोबरची भांडणं आणि मग हळूहळू जुळलेला विश्वास यांना पुरेसा वेळ दिला आहे. मला हा भाग मनापासून आवडला.

पण खेळणाऱ्याचे हात काय करत असतात? वाटेत चमकणारी प्रत्येक मूर्ती, प्रत्येक दागिना बटण दाबून खिशात. एक कंकण मिळतं, ते हातात आलं की जवळपास काही दडलेलं असल्याचा इशारा मिळतो! हे गोळा केल्याबद्दल ट्रॉफी मिळते. योगसूत्रातले यम आठवा. अस्तेय म्हणजे चोरी न करणं, अपरिग्रह म्हणजे साठवण न करणं. क्लोईची गोष्ट अस्तेयापर्यंत पोचते, खेळ मात्र परिग्रहाचाच सराव देतो. मोठा दात परत करायचा, बाकीचे खिशातले शंभर तुकडे कुणी विचारायचे नाहीत. नाटकात पात्र बोलतं आणि आपण ऐकतो, तिथे असं होत नाही. खेळात कृती आपली असते, म्हणून कृती आणि कथा यांतली फट इथे जास्त बोचते. तरुण समीक्षक याला तांत्रिक बाब म्हणतील. मला ती नैतिक बाब वाटते.

तुलनेला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 2020 चा 'राजी' घ्या. लढाया लवकर एकसुरी होतात, पैसा कमी होता हे जाणवतं. पण राजी खजिन्याच्या मागे निघालेली नाही. राक्षसांनी नेलेला गोलू, तिचा धाकटा भाऊ, तिला हवा आहे. वाटेत भिंतीवरच्या चित्रांपाशी ती थांबते, दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल बोलतात, तेवढ्यात आपणही चित्र बघून घेतो. त्या भिंतीवरून काही काढून न्यावं असं मला एकदाही वाटलं नाही.

बरं, आता तुम्ही बोला. मागच्या रांगेतल्या मुलांनी आधी, कारण त्यांनी हे खेळलेलं असणार.